सावध राहा, एवढ्यावर भागणार नाही

ऑनलाइन फसवणुकीची बातमी कुठलीही असो, तिचा शेवट ठरलेला असतो: नागरिकांनी सावध राहावं, अनोळखी लिंक उघडू नये, ओटीपी कुणालाही सांगू नये. बँका हेच सांगतात, पोलीस हेच सांगतात, फोन कंपन्याही हेच सांगतात. सल्ला खोटा नाही. पण वर्षानुवर्षं तो देऊनही फसवणूक थांबलेली नाही, आणि प्रत्येक नव्या घटनेनंतर आपण तोच सल्ला जरा मोठ्या आवाजात देतो. फसलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो, "पण तू ओटीपी दिलासच कसा?" पैसे ज्या खात्यात गेले ते खातं कुणी उघडून दिलं, खोटा मेसेज बँकेच्या नावाने फोनवर पोचलाच कसा, भामट्याची जाहिरात पैसे घेऊन कुणी दाखवली, हे प्रश्न त्या एका प्रश्नाखाली गाडले जातात. मला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे. फसवणूक कमी करायची तर जबाबदारी ज्यांच्या हातात यंत्रणा आहे त्यांच्यावर टाकावी लागेल. वापरणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून बसावं ही अपेक्षा कधीच पुरी होणार नाही.

आधी एक समज बाजूला करू. फसतात ते भोळे, अडाणी किंवा लोभी, असं आपण मनाशी धरून चालतो. ट्रॉय हंट हे सायबर सुरक्षेतलं मोठं नाव. आपला ईमेल पत्ता कुठल्या माहितीचोरीत सापडला आहे हे तपासून देणारी 'हॅव आय बीन पोन्ड' ही सेवा त्यांनी उभी केली. मार्च २०२५ मध्ये, लांबच्या विमानप्रवासाचा शीण उतरलेला नसताना, त्यांना एक मेल आला: तुमच्याविरुद्ध स्पॅमची, म्हणजे नको असलेल्या मेलची, तक्रार आल्यामुळे न्यूजलेटर पाठवण्याची सोय थांबवली आहे. त्यांनी लिंक उघडली, पासवर्ड टाकला, ओटीपीही टाकला. काही मिनिटांत त्यांच्या न्यूजलेटरच्या सुमारे १६ हजार वर्गणीदारांचे पत्ते चोरीला गेले. पासवर्ड साठवून योग्य साइटवर तो आपोआप भरणाऱ्या पासवर्ड मॅनेजरने त्या पानावर तो भरला नव्हता, ही खूण समोरच होती. पण खऱ्या साइटवरही अधूनमधून असं होतं, त्यामुळे दमलेल्या डोक्याने ती खूण सोडून दिली. हंट यांनी हे सगळं स्वतःच लगेच लिहून जाहीर केलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

मोठ्या कंपन्यांचंही तेच. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियाच्या एका माणसाने तैवानमधल्या एका पुरवठादार कंपनीच्या नावाचीच दुसरी कंपनी काढली, खोटी बिलं पाठवली आणि गूगल व फेसबुक यांच्याकडून मिळून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. २०२४ च्या सुरुवातीला अभियांत्रिकी क्षेत्रातल्या अरूप या कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला व्हिडिओ कॉलवर बोलावलं गेलं. समोर कंपनीचा मुख्य वित्त अधिकारी दिसत होता, ओळखीचे सहकारी दिसत होते. सगळे चेहरे आणि आवाज यंत्राने बनवलेले होते. सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. या माणसाला आधी आलेल्या मेलचा संशय आला होता. व्हिडिओ कॉलवर ओळखीचे चेहरे पाहून तो संशय फिटला. म्हणजे खात्री करून घेण्यासाठी आपण ज्याच्यावर विसंबतो, तेच इथे बनावट निघालं.

फसवणूक बुद्धीच्या उणिवेवर चालत नाही. ती घाई, भीती, अधिकाराचा दरारा, थकवा आणि योगायोग यांच्यावर चालते. "तुमचं पार्सल अडकलं आहे" असा मेसेज लाखो लोकांना जातो, आणि त्यातल्या काही हजारांचं खरोखरच पार्सल यायचं असतं. त्या काही हजारांना तो मेसेज खोटा वाटायचं कारणच नसतं. पाठवणाऱ्याचं काम लाखातल्या थोड्यांवर भागतं, आपल्याला मात्र दर वेळी, प्रत्येक मेसेजला, न चुकता बरोबर राहावं लागतं. या सामन्यात लक्ष आणि दक्षता यांच्या जोरावर जिंकता येईल असं मानणं मला पटत नाही.

शिवाय ज्या खुणा आपण शिकवत आलो, त्यांतल्या बऱ्याच आता बाद झाल्या आहेत. चुकीचं व्याकरण आणि शुद्धलेखन पाहून खोटा मेल ओळखा, असं सांगितलं जायचं. आता कुठल्याही भाषेत सफाईदार मजकूर क्षणात तयार होतो. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, हेही वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. त्या कुलपाचा अर्थ एवढाच होता की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. साइट चोराची असली तरी कुलूप दिसायचंच. लोकांचा हा गैरसमज इतका घट्ट झाला होता की गूगलने २०२३ मध्ये क्रोम या आपल्या ब्राउझरमधून ते चिन्ह काढून टाकलं. पासवर्डचंही तसंच झालं. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह घाला, हा नियम अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. २०१७ मध्ये त्याच संस्थेने तो मागे घेतला, कारण लोक पासवर्डच्या शेवटी फक्त एक आकडा वाढवत होते. मूळ मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनीही आपल्याला त्याचा खेद वाटतो असं सांगितलं. कितीतरी कार्यालयांत तो नियम अजून तसाच चालू आहे.

मालवेअरच्या, म्हणजे संगणकात घुसून नुकसान करणाऱ्या प्रोग्रामच्या, इतिहासाकडे पाहिलं तर जबाबदारी कुणाची हे आणखी स्वच्छ दिसतं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा मेल जगभर पसरला. त्याच्यासोबतच्या फाइलच्या नावाच्या शेवटी खरं तर 'डॉट व्हीबीएस' होतं, म्हणजे ती चालवता येणारी फाइल होती. पण विंडोज हा शेवटचा भाग लपवून दाखवत असे, त्यामुळे लोकांना दिसलं ते फक्त 'डॉट टीएक्सटी', साधं मजकुराचं कागदपत्र. सगळीकडे खापर फुटलं ते क्लिक करणाऱ्यांवर. पण त्यांच्यासमोर जे दाखवलं गेलं होतं तेच फसवं होतं. वर्डच्या फाइलमध्ये लपवलेल्या मॅक्रोमधून, म्हणजे फाइलीच्या आतच चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून, मेलिसा हा व्हायरस १९९९ मध्ये पसरला. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायचा निर्णय मायक्रोसॉफ्टने अमलात आणला तो २०२२ मध्ये. मधली तेवीस वर्षं आपण लोकांना "अनोळखी फाइल उघडू नका" हे सांगण्यात घालवली. तो निर्णय झाल्यावर गुन्हेगारांना आपली पद्धतच बदलावी लागली, दुसऱ्या प्रकारच्या फाइली शोधाव्या लागल्या. आणि मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला पसरण्यासाठी कुणाच्या क्लिकची गरजही पडली नाही. ज्या त्रुटीतून तो घुसला ती अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला आधीपासून माहीत होती आणि तिच्यावर बेतलेलं हत्यार त्या संस्थेकडून बाहेर फुटलं होतं. दुरुस्ती मार्चमध्ये आली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती अशा दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांना फटका बसला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत भेटीच्या वेळा आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. त्या रुग्णांनी कुठली सावधगिरी बाळगायला हवी होती?

ओटीपी कुणाला देऊ नका, या सल्ल्याचं काय होतं ते जवळून पाहू. मेसेजमधल्या लिंकवर बोट पडतं. उघडणारं पान हुबेहूब बँकेचं असतं, कारण बऱ्याचदा ते खरंच बँकेचंच पान असतं, फक्त चोराच्या सर्व्हरमधून फिरून आलेलं. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकता. चोराचं यंत्र ते त्याच क्षणी खऱ्या बँकेला पुरवतं. खरी बँक तुम्हाला खरा ओटीपी पाठवते, नेहमीच्याच नावाने. तुम्ही तो कुणाला सांगत नाही, बँकेच्या पानावर टाकता. निदान तुमच्या दृष्टीने तरी तसंच असतं. पान म्हणतं, कृपया थांबा. एवढ्या वेळात चोर तुमच्या खात्यात शिरलेला असतो. या सगळ्यात खोटी गोष्ट एकच असते, वरचा पत्ता, आणि फोनच्या अरुंद पडद्यावर तो अर्धा कापलेला दिसतो. नियम तुम्ही मोडला का? तुमच्या समजुतीप्रमाणे मुळीच नाही.

याच्यावर उपाय आहे, आणि तो माणसाच्या सावधपणावर अवलंबून नाही. पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा सुरक्षा-किल्ली (तेच काम करणारं छोटं वेगळं उपकरण) वापरली की ओळख पटवण्याचं काम तुमचं उपकरण करतं, आणि ते ज्या पत्त्यासाठी किल्ली बनवली त्याच पत्त्याला उत्तर देतं. पत्ता एका अक्षराने वेगळा असला तरी देण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन तंत्रज्ञान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना जवळजवळ एकसारखे खोटे मेसेज गेले. दोन्हीकडे काही जण फसले. ट्विलिओमध्ये चोर आत शिरले आणि ग्राहकांच्या माहितीपर्यंत पोचले. क्लाउडफ्लेअरमध्येही तिघांनी पासवर्ड देऊन टाकला होता, पण तिथे प्रत्येकाकडे सुरक्षा-किल्ली होती, म्हणून चोरांना दारातूनच परतावं लागलं. फरक पडला तो यंत्रणेमुळे. उलट प्रशिक्षणाने किती फरक पडतो हे कॅलिफोर्नियातल्या यूसी सॅन दिएगो हेल्थ या आरोग्यसंस्थेत मोजलं गेलं. साडेएकोणीस हजार कर्मचारी, आठ महिने, दहा खोट्या मेल-मोहिमा. शिकवलेल्यांचं फसण्याचं प्रमाण न शिकवलेल्यांपेक्षा जेमतेम १.७ टक्क्यांनी कमी निघालं. शिकवू नये असं मी म्हणत नाही. पण सगळी भिस्त शिकवण्यावर ठेवणं म्हणजे हात झटकणंच आहे.

जबाबदारी योग्य ठिकाणी गेली की काय घडतं याचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे ईमेलमधला स्पॅम. पहिला मोठा स्पॅम १९७८ मध्ये इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या जाळ्यावर गेला, संगणकांच्या जाहिरातीचा, सुमारे चारशे जणांना. पुढे एक काळ असा आला की जगातल्या ईमेलमध्ये निम्म्याहून जास्त कचराच असायचा. आज आपल्या इनबॉक्समध्ये त्यातला फारच थोडा पोचतो. लोक अधिक हुशार झाले म्हणून हे घडलेलं नाही. मेल सेवा देणाऱ्यांनी गाळण्या बसवल्या, पाठवणारा खरा आहे का हे तपासणारे नियम बनवले, आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना ते नियम सक्तीचे केले. आता फोन आणि एसएमएसकडे पाहा. तिथे अनेक ठिकाणी अजूनही दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या नंबरवरून आल्यासारखा मेसेज किंवा कॉल पाठवता येतो. बनावट मेसेज खऱ्या बँकेच्या जुन्या मेसेजांच्या रांगेत जाऊन बसतो. हे तपासण्याची सोय फोनधारकाकडे नसते, ती फक्त कंपनीकडे असते.

सिंगापूरचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. २०२१ च्या अखेरीस तिथल्या ओसीबीसी बँकेच्या नावाने असेच मेसेज आले आणि ७९० ग्राहकांचे मिळून १.३७ कोटी सिंगापूर डॉलर गेले. बँकेने सगळ्यांना भरपाई दिली. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या नियामकाने सर्व बँकांना ग्राहकांच्या एसएमएस आणि ईमेलमधून लिंक काढून टाकायला लावल्या, आणि नव्या फोनवर व्यवहार मंजूर करणारी बँकेची डिजिटल किल्ली चालू व्हायला किमान बारा तासांचा अवधी ठेवायला सांगितला. पुढच्या वर्षीपासून नाव वापरून एसएमएस पाठवणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची झाली. यांतल्या एकाही उपायासाठी ग्राहकाला काही शिकावं लागलं नाही. ब्रिटनने आणखी पुढचं पाऊल टाकलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून पाठवायला लावलेले पैसे बँकांनी परत द्यायचे, कमाल ८५ हजार पौंड, आणि भार पाठवणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या बँकेने निम्मा निम्मा उचलायचा. स्वीकारणारी बँक यात आली हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. चोरीचा पैसा शेवटी कुणाच्या तरी खात्यातच उतरतो, आणि भाड्याने घेतलेली ती खाती उघडून देताना कुणीतरी डोळेझाक केलेली असते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: भरपाई मिळणार म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. ब्रिटनच्या नियमात अत्यंत निष्काळजीपणासाठी अपवाद आहेच, आणि तो असावा. पण पुरावा उलट दिशेचा आहे. केंब्रिजचे सुरक्षातज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी एटीएममधल्या फसवणुकीचा अभ्यास करून दाखवलं होतं की अमेरिकेत चूक कुणाची हे सिद्ध करण्याचा भार बँकांवर होता, ब्रिटनमध्ये तेव्हा तो ग्राहकावर पडत असे. आणि बेफिकीर झाल्या त्या ब्रिटिश बँका. ज्याला नुकसान सोसावं लागत नाही तो सुधारणा करत नाही. क्रेडिट कार्डाबाबत अमेरिकेच्या कायद्याने १९७० च्या दशकातच ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरवर आणून ठेवली. त्यानंतर लोकांनी कार्डं वाऱ्यावर सोडली नाहीत. संशयास्पद व्यवहार त्या क्षणी ओळखणाऱ्या यंत्रणा मात्र उभ्या राहिल्या, कारण तोटा कार्ड देणाऱ्यांचा होता.

दुसरा आक्षेप सोयीचा. बारा तास थांबायचं, नव्या माणसाला मोठी रक्कम पाठवताना अडायचं, हे कुणाला आवडणार? मलाही थांबायला आवडत नाही. तरी एखाद्याची आयुष्यभराची बचत अर्ध्या मिनिटात कायमची निघून जाऊ शकेल इतकी घाई कुणालाच नसते. पैसे पाठवणं सोपं करताना ते परत आणणं अशक्य करून ठेवलं, हा निर्णय होता, आणि तो बदलता येतो.

जाहिरातींचा मुद्दा थोडक्यात, पण ठामपणे. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटा या फेसबुकच्या मालक कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे बातमी दिली की २०२४ च्या उत्पन्नापैकी सुमारे १० टक्के वाटा फसवणुकीच्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल असा कंपनीचाच अंदाज होता. मेटाने हा आकडा ढोबळ आणि फुगलेला असल्याचं म्हटलं आहे. आकडा निम्मा धरला तरी प्रश्न उरतोच. जाहिरातदाराची ओळख पटवल्याशिवाय पैसे घेणं बेकायदा ठरलं पाहिजे. ऑस्ट्रेलियाने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात बँका आणि फोन कंपन्यांबरोबर समाजमाध्यमांनाही जबाबदार धरण्याची आणि कोट्यवधी डॉलरच्या दंडाची तरतूद आहे. बाकीच्यांनी वाट का पाहावी?

फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हेही विसरता कामा नये. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख लोकांना डांबून ठेवून ऑनलाइन फसवणूक करायला लावलं जात असावं. चांगल्या नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेले, पासपोर्ट काढून घेतलेले, ठरलेली रक्कम आणली नाही तर मार खाणारे हे लोक आहेत. प्रेमाने गोड बोलून महिनोन्‌महिने विश्वास कमावणारा तो अनोळखी 'मित्र' कदाचित स्वतःच कैदी असतो. एवढ्या मोठ्या उद्योगापुढे एकट्या माणसाला उभं करून "तू सावध राहा" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तोवर आपण काय करायचं, हा प्रश्न उरतो. वीस सूचनांची यादी कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून एकच सवय मी सगळ्यांना सांगते: ज्या वाटेने निरोप आला त्या वाटेने उत्तर द्यायचं नाही. फोन बँकेचा असो, पोलिसांचा असो की घरच्यांच्या रडक्या आवाजातला असो, तो बंद करायचा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर आपण फोन लावायचा. लिंक न उघडता ॲप किंवा साइट स्वतः उघडायची. खरा माणूस यावर रागावत नाही; फोन ठेवू नका असा आग्रह धरणारा मात्र हमखास खोटा असतो. यंत्राला जमतं ते यंत्राकडे सोपवायचं: जिथे पासकी मिळते तिथे ती घ्यायची, बाकी पासवर्ड मॅनेजरकडे, अपडेट आपोआप होऊ द्यायचे, आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकापासून वेगळी काढून ठेवायची. कुणीही फोनवर सांगून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं तर तिथेच थांबायचं.

आणि कुणी येऊन सांगितलं की मी फसलो, तर "कसा दिलास" हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा नाही. बँकेला फोन लावायचा, खातं आणि कार्ड थांबवायचं, पोलिसांत तक्रार नोंदवायची, दुसऱ्या उपकरणावरून आधी ईमेलचा आणि मग बाकीचे पासवर्ड बदलायचे. पैसा एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकायला वेळ लागत नाही, म्हणून पहिला तास लाखमोलाचा असतो, आणि लाज वाटल्यामुळे नेमका तोच वाया जातो. फसलेल्यांच्या याद्या चोरांमध्ये विकल्या जातात. काही आठवड्यांनी त्याच माणसाला नवा फोन येतो, कधी वकील म्हणून, कधी तपास अधिकारी म्हणून: तुमचे पैसे सापडले आहेत, परत मिळवायला थोडं शुल्क भरा. घरात कुणालाच काही ठाऊक नसतं, त्यामुळे हे दुसरं जाळं ओळखून देणारंही जवळ कुणी नसतं. गेलेले पैसे मिळवून देण्यासाठी आधी पैसे मागणारा प्रत्येक फोन चोराचाच समजावा.